लाकडी स्टिक घ्यावी की कार्बनची? हिंगोलीहून आलेल्या एका व्हॉइस नोटचं उत्तर

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत रेंज गेली म्हणून मध्येच तुटला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेलं 'अं… म्हणजे…' काढून टाकलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

तर आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातून एका श्रोत्यानं पाठवलीय. तो काय म्हणतो, थोडक्यात सांगतो.

"दादा, माझी छोटी बहीण सातवीत आहे. शाळेच्या हॉकी टीममध्ये तिची निवड झालीय. आतापर्यंत शाळेच्याच स्टिकवर खेळायची. पप्पा म्हणले, सोयाबीनचे पैसे आले की तुला स्वतःची स्टिक घेऊन देतो. आम्ही नांदेडला दुकानात गेलो. तिथं सहा हजारांची कार्बनची स्टिक दाखवली. दुकानदार म्हणला, लाकडी आता कोण वापरतंय? बहीण तीच पाहिजे म्हणून बसलीय. आई म्हणती, एवढे पैसे काठीला? दादा, खरंच तेवढी महागाची लागती का?"

मित्रा, तुझा प्रश्न एका स्टिकपुरता नाही. आपल्याकडं घरानं एकदा मोठा पैसा घातला आणि ती वस्तू पोरीला जमली नाही, तर पुढं काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. 'एवढे पैसे घातले, काय उजेड पाडला?' आणि मुलीचा खेळ तिथंच थांबतो. म्हणून नीट समजून घेऊ.

आधी लाकडी स्टिक समजून घ्या

तुमच्या शिवारात रेशीम शेती करणारं कुणी असेल, तर तुती तुम्ही पाहिलीच असेल. हॉकी स्टिकचं लाकूड म्हणजे हीच तुती. फरक एवढाच की रेशमासाठी आपण तुती छाटून छाटून झुडपासारखी ठेवतो आणि स्टिकसाठी मोठ्या वाढलेल्या झाडाचं लाकूड लागतं.

तुतीच का? कारण ती चिवट आहे आणि वाफेनं मऊ केली की न मोडता वळते. इंग्रजांच्या जुन्या स्टिक अॅश नावाच्या झाडाच्या असायच्या आणि त्यांचं खालचं टोक लांबट असायचं. आपल्याकडच्या कारागिरांनी तुती घट्ट वळवून टोक आखूड केलं. त्यामुळं बॉल इकडून तिकडं फिरवणं, म्हणजे ड्रिबल, फार सोपं झालं. आज सगळं जग आखूड टोकाचीच स्टिक वापरतं.

वरचा दांडा वेताचा. वेताच्या पट्ट्या, मधे रबर, आणि खालच्या तुतीच्या तुकड्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून बसवलेला. वेत आणि रबर कशासाठी? तर बॉल लागल्यावर बसणारा झटका हातापर्यंत येऊ नये म्हणून.

हा धंदा आधी सियालकोटात होता. १९४७ ला फाळणी झाली आणि तिथले बरेच कारागीर, व्यापारी जालंधरला आले. म्हणून आजही स्टिकवर बहुतेक वेळा जालंधरचं नाव दिसतं. दुसरं मोठं नाव मेरठचं.

मग कंपोझिट म्हणजे काय?

कंपोझिट म्हणजे मिश्र वस्तूंची. तीन प्रकारचे धागे असतात: कार्बन, काच म्हणजे ग्लास फायबर, आणि केवलरसारखा अॅरामिड. हे धागे साच्यात थरावर थर लावून इपॉक्सी नावाच्या चिकट द्रावात पक्के करतात. कार्बन ताठपणा देतो, ग्लास फायबर थोडी लवचीकता देतो आणि किंमत खाली आणतो, अॅरामिड झटका कमी करतो.

स्टिकवर २०, ५०, ९० असे टक्के छापलेले दिसतात. ते कार्बनचं प्रमाण. आकडा जितका मोठा, तितकी स्टिक ताठ आणि साधारणपणे तितकी महाग. पण मोठा आकडा म्हणजे चांगली स्टिक असं नाही. मोठा आकडा म्हणजे ताठ स्टिक. दोन्हींत फरक आहे, बरं का.

अजून एक. दुकानात 'फायबरची आहे' म्हणून जी स्वस्तातली मिळते, ती बऱ्याचदा आतून लाकडीच असते आणि वरून फायबरचं आवरण असतं. ती वाईट नाही. उलट लहान मुलांसाठी चांगलीच आहे. फक्त पूर्ण कंपोझिटच्या भावात घेऊ नका. सरळ विचारा, 'आत लाकूड आहे का?'

बॉल लागतो तेव्हा काय होतं

हॉकीचा बॉल कडक असतो. नियमानं त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. तो जोरात येऊन स्टिकला धडकतो, तेव्हा लाकडी स्टिक किंचित वाकते, थरथरते. बॉलची थोडी ताकद तिथंच जिरते. म्हणून मारताना जोर कमी बसतो, पण अडवताना बॉल स्टिकपाशीच राहतो.

कार्बनचं उलट. ती फार वाकत नाही, म्हणून ताकद बॉलला परत देते. मारलं की सणसणीत जातो. पण अडवायला गेलात आणि हात थोडा जरी घट्ट असला, तर बॉल हातभर पुढं उडतो. समोरचा खेळाडू तो घेऊन पळतो.

मोठे खेळाडू बॉल घेताना हात सैल सोडतात, स्टिक किंचित मागं नेतात, त्यामुळं त्यांना ताठ स्टिक त्रास देत नाही. सातवीतल्या पोरीला ही सवय अजून लागायचीय. तिला बॉल थांबवणं जमलं तरच पुढचं सगळं आहे. पास, ड्रिबल, गोल, सगळं पहिल्या टचनंतर येतं.

दुसरी गोष्ट मनगटाची. ताठ स्टिकवर चुकीच्या जागी बॉल लागला, तर झिणझिण्या थेट हातात येतात. थंडीत सकाळी प्रॅक्टिस करणाऱ्याला विचारा. दोन-चारदा असं झालं की लहान मूल नकळत बॉलला घाबरायला लागतं. मग आपण म्हणतो, 'हिच्यात दम नाही.' दम असतो, स्टिक चुकीची असते.

मैदान कोणतं, हे पहिलं विचारा

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मॉन्ट्रियलला १९७६ साली ऑलिंपिकमधली हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली. भारत त्या वेळी सातवा आला. गवतावरचा खेळ आणि टर्फवरचा खेळ वेगळा झाला. टर्फवर बॉल सपाट आणि वेगात पळतो, तिथं ताठ स्टिकचा फायदा मिळतो. पुढं कंपोझिट स्टिक आल्या आणि आता आंतरराष्ट्रीय सामन्यांत जवळपास सगळ्यांच्या हातात त्याच दिसतात. दुकानदार म्हणाला ते त्या पातळीवर खरंच आहे.

पण आपल्या जिल्ह्यात शाळेचं मैदान कसं असतं? मुरूम टाकलेलं, नाहीतर काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर भेगा, उन्हाळ्यात दगडासारखं. बॉल उसळ्या घेत येतो. अशा बॉलला थांबवायला मऊ स्टिक बरी. शिवाय मुरमाच्या खड्यांवर स्टिकचं टोक रोज घासलं जातं. लाकडी टोक घासलं तर पॉलिश पेपर मारून, टेप लावून पुढं चालवता येतं. कार्बनचं टोक घासून आतले धागे उघडे पडले की ते कुसळासारखे टोचतात, आणि दुरुस्ती घरच्या घरी होत नाही. नियमच असा आहे की स्टिकला कुठंही धारदार किंवा खरबरीत कड नको. पंच अशी स्टिक बाहेर ठेवायला सांगू शकतात.

म्हणजे सहा हजारांची स्टिक मुरमावर घासायची, हे म्हणजे लग्नातली चप्पल घालून चिखलणीला जाण्यासारखं आहे.

वक्र: ज्याच्याकडं कुणी बघत नाही

स्टिक जमिनीवर आडवी ठेवली की मधे ती थोडी उचललेली दिसते. त्याला बो म्हणतात, आपण वक्र म्हणू. नियमानं हा वक्र जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असू शकतो. जुन्या लाकडी स्टिक बऱ्याच सरळ असतात. महागड्या कार्बन स्टिकमध्ये मात्र वक्र बऱ्याचदा २४-२५ मिलिमीटरचा आणि तोही खाली, टोकाकडं असतो. त्याला लो बो म्हणतात. तो ड्रॅग फ्लिकसाठी, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला बॉल ओढून उचलून फेकायला असतो.

नवशिक्यानं त्या स्टिकनं साधा फटका मारला तरी बॉल जमिनीवरून उठतो. समोर मुलं उभी असताना हे धोक्याचं आहे, आणि धोकादायक बॉल म्हणून फाउलही मिळतो. म्हणून लहानांसाठी साधा किंवा मधला वक्र घ्यावा, साधारण २० मिलिमीटरच्या आसपास.

जाता जाता: डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू सगळ्यांची डावीकडंच, आणि गोल बाजूनं बॉल खेळायचा नाही. त्यामुळं 'डावखुऱ्याची आहे' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढं चला.

माप आणि वजन

लाकूड की कार्बन यापेक्षाही जास्त चुका मापात होतात. 'वाढत्या अंगाची आहे, थोडी मोठीच घेऊ' हे शाळेच्या ड्रेसला चालतं, स्टिकला चालत नाही. लांब स्टिक घेतली की मूल सरळ उभं राहून खेळायला लागतं, आणि हॉकी तर वाकून खेळायचा खेळ.

सोपी पद्धत: स्टिक पायाजवळ उभी धरा. वरचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यायला हवं. इंचांत अंदाज असा:

- उंची ४ फुटांच्या आत: २८ ते ३० इंच
- ४ ते साडेचार फूट: ३० ते ३२ इंच
- साडेचार ते ५ फूट: ३३ ते ३५ इंच
- ५ फूट ते ५ फूट ४ इंच: ३५ ते ३६ इंच
- त्यापुढं साडेछत्तीस, आणि खूप उंच असेल तर साडेसदतीस

हा अंदाज आहे, अर्धा-एक इंच इकडं तिकडं चालतं.

वजनाची वरची मर्यादा नियमात ७३७ ग्रॅम आहे, पण लहानांना तेवढी जड स्टिक देऊच नका. शक्यतो ५०० ग्रॅमच्या आसपासची हलकी बघा. दुकानात एक चाचणी करा: मुलीला फक्त डाव्या हातानं स्टिकचं वरचं टोक धरून हात पुढं ताणायला सांगा आणि दहा आकडे मोजा. मनगट खाली पडलं तर ती जड आहे. डावाच हात का? कारण रिव्हर्स करताना स्टिक फिरवायचं काम डावा हातच करतो. उजवा नुसता आधार देतो.

आता पैशाचं बोलू

भाव दुकानागणिक बदलतात, पण ढोबळमानानं साधी लाकडी स्टिक काही शे रुपयांत मिळते, कमी कार्बनची किंवा ग्लास फायबरची दीड-दोन हजारांपासून, आणि जास्त कार्बनची पाच-सहा हजारांच्या पुढं कितीही.

सातवीतलं मूल एका वर्षात दोन-तीन इंच सहज वाढतं. म्हणजे आज घेतलेली स्टिक दीड-दोन वर्षांत आखूड पडणार. सहा हजारांची असो की सहाशेची, आखूड पडणारच.

आणि स्टिक एकटीच लागत नाही. शिन गार्ड लागतात, नाहीतर नडगीवर बॉल बसला की आठ दिवस लंगडत फिरावं लागतं. दातांसाठी माउथगार्ड लागतो. स्वतःचा एक बॉल असेल तर शाळा सुटल्यावर अंगणात भिंतीवर मारून सराव होतो. बरे बूट हवेत. मी तर म्हणेन, बजेट आधी दातांवर आणि नडगीवर खर्च करा, उरलेल्यात स्टिक घ्या. दात परत येत नाहीत.

दुकानात काय बघायचं

लाकडी असेल तर खालच्या वळणावरच्या रेषा बघा. त्या वळणाबरोबर वळलेल्या हव्यात. रेषा आडव्या कापल्या गेल्या असतील तर स्टिक तिथंच मोडते. गाठ नको. दांडा आणि लाकूड जिथं जोडलंय, तिथं बोट फिरवा, फट जाणवायला नको. एका डोळ्यानं वरून खाली बघा, डावी-उजवीकडं वाकलेली नको.

कंपोझिट असेल, आणि विशेषतः कुणाची वापरलेली घेत असाल, तर खालचा भाग हळूच जमिनीवर आपटून बघा. टणक आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर आत तडा असू शकतो. कडेला केसाएवढी चीर दिसली तरी सोडून द्या.

सांभाळायचं कसं

लाकडाचा शत्रू पाणी. ओल्या मैदानावर खेळलात तर घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत उभी करा. चुलीजवळ नको, उन्हात नको, तडा जातो. टोकाला अधूनमधून जवसाच्या तेलाचं बोट फिरवा, पूर्ण मुरू द्या, मगच खेळा. जुने खेळाडू हेच करायचे. जवस आपल्याकडं चटणीलाही असतो, तेल शोधायला लांब जावं लागणार नाही.

कंपोझिटचा शत्रू आपटणं आणि उष्णता. रागानं जमिनीवर आपटू नका. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. चीर पडली की पाणी आत शिरतं आणि थर सुटायला लागतात. ग्रिप मात्र दोन्हींची दर काही महिन्यांनी बदला. घसरणारी ग्रिप असली की मूल स्टिक गळा आवळल्यासारखी धरतं, मग हात सैल सुटतच नाही.

मग कार्बन कधी घ्यायची?

घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाहीये. चार गोष्टी जुळल्या की घ्या. एक, टर्फवर नियमित खेळायला मिळतंय. दोन, जोरात आलेला बॉल दहापैकी आठ वेळा स्टिकपाशी थांबतोय. तीन, उंची वाढायचा वेग कमी झालाय. चार, प्रशिक्षकांनी पेनल्टी कॉर्नर किंवा लांब पासची जबाबदारी दिलीय. तेव्हाही थेट ९० टक्क्यांवर उडी नको. आधी २०-३० टक्के, मग पुढं.

शाळांसाठी एक सुचवतो. तालुका, जिल्हा मातीवर खेळून टीम विभागावर जाते आणि तिथं कदाचित पहिल्यांदा टर्फ बघते. एकदम बॉल पळायला लागतो आणि पोरं गोंधळतात. सगळ्यांना महाग स्टिक घ्यायला लावण्यापेक्षा शाळेनं मिळून दोन-तीन कमी कार्बनच्या स्टिक घ्याव्यात आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं सिमेंटच्या गुळगुळीत कोर्टवर हात बसवावा. टर्फ नाही, पण वेगवान बॉलची सवय होते.

आणि नांदेड जवळच आहे. तिथं श्री गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप ही अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते. बहिणीला घेऊन एकदा जा. स्टिककडं नको, खेळाडूंच्या हातांकडं बघायला सांग. बॉल घेताना ते हात किती सैल सोडतात, ते.

शेवटचं

हॉकी आपल्या देशात पसरली ती छावण्यांमधून. हिंगोलीही निजामाच्या काळात छावणीचं गाव होतं. पुण्याजवळची खडकीही छावणीच. त्या खडकीत १९६८ ला जन्मलेला एक मुलगा दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला, मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेल्या बॉलवर धुळीच्या मैदानात शिकला. तो धनराज पिल्ले. पुढं चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. आणि अलीकडचं बघायचं तर फलटण तालुक्यातल्या गावांतून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारताच्या संघापर्यंत गेल्या. छोटीला ही दोन नावं नक्की सांग.

मोडक्या स्टिकवरच खेळा, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की या वयात हात तयार होतो, आणि हात तयार व्हायला मापाची, हलकी, माफ करणारी स्टिक लागते.

तर मित्रा, तुझं उत्तर. बहिणीच्या कमरेच्या मापाची चांगली लाकडी, नाहीतर आत लाकूड असलेली फायबर आवरणाची स्टिक घे. शिन गार्ड, माउथगार्ड आणि एक बॉल घे. सहा हजारांतले बरेच पैसे उरतील, ते आईकडं ठेवायला दे आणि छोटीला सांग: 'हे तुझ्याच पुढच्या स्टिकचे आहेत. दहापैकी आठ बॉल थांबवून दाखव, आपण नांदेडला जाऊ.'

रुसेल एक दिवस. पण आईच्या डब्यात आपल्या नावाचे पैसे आहेत म्हटल्यावर पोरगी भिंतीवर बॉल मारायला लागते की नाही बघ. आणि आठ थांबले, की मला परत व्हॉइस नोट पाठव. तिच्याच आवाजात.

भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा!